टेम्पो-पिकअपच्या ब्रेकमधली एअर घरच्या घरी कशी काढायची, आणि ब्रेक सांभाळायचे कसे

पहिलं हे बघा की तुमची गाडी कुठल्या जातीची आहे. छोटा हत्ती, पिकअप, जुनी ४०७ अशा गाड्यांना ऑइलचे ब्रेक असतात, म्हणजे पायाने पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि ते ऑइल पाईपातून जाऊन चाकापाशी ब्रेक लावतं. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला नाहीतर कळंबोलीला जे दहाचाकी, बाराचाकी उभे असतात त्यांचे ब्रेक हवेवर चालतात, त्यांचं गणित एकदम उलटं, त्यातली हवा गेली की मागचे स्प्रिंग ब्रेक लागून गाडी जागच्या जागी बसते. हा लेख ऑइलवाल्या गाड्यांसाठी आहे. हवेवाल्यांसाठी शेवटी थोडंसं लिहिलंय, कारण तिथे घरी करण्यासारखं खरंच थोडंच आहे.

एअर काढण्याआधी ती आली कुठून ते शोधा

ब्रेकची सिस्टीम बंद असते. एअर म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, ती तिच्यात अशीच शिरत नाही. कुठून तरी ऑइल बाहेर गेलं असेल, मास्टरला ऑइल पुरवणारी डबी रिकामी झाली असेल, नाहीतर कोणीतरी पाईप खोलला असेल. म्हणून "पेडल स्पंज झालंय, एअर काढून दे" म्हणून गॅरेजवाल्याकडे जायचं, तो दहा मिनिटात काढून देतो, आणि पंधरा दिवसांनी परत तेच, असं होत असेल तर दोष एअरचा नाहीच, गळतीचा आहे. नुसती एअर काढत बसलात तर एक दिवस अशा ठिकाणी पेडल खाली जाईल जिथे जायला नको.

पेडलच सगळं सांगतं, फक्त लक्ष द्यायला हवं. गाडी उभी, इंजिन चालू, पेडल दाबून धरा. मऊ लागतंय आणि दोनतीनदा भराभर पंप मारल्यावर कडक होतंय? एअर आहे, किंवा मागच्या ड्रम आणि लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं मटेरियल) यांच्यातलं अंतर वाढलंय. दाबून धरलं की हळूहळू खाली जातंय, पण डबीतलं ऑइल कमी होत नाहीये आणि बाहेर कुठेही ओलं नाही? मग मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलंय, ऑइल आतल्या आत मागे सरकतंय, तिथे एअर काढून काहीही होणार नाही. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबतच नाही? ते बूस्टरचं (व्हॅक्युमच्या जोरावर पायाचा दाब वाढवणारा भाग) किंवा व्हॅक्युमच्या पाईपचं काम. डिझेल गाडीत व्हॅक्युम पंप वेगळा असतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्याच पाठीला, तिथला पाईप सैल असला तरी हेच होतं. बूस्टर तपासायची सोपी ट्रिक: इंजिन बंद ठेवून चारपाचदा पेडल मारा म्हणजे आतला व्हॅक्युम संपतो, मग पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू करा, पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर ठीक.

आता गळती. चारही टायरच्या आतल्या बाजूला बघा, ओला डाग आहे का. मागच्या ड्रमपाशी ओलं दिसलं की लगेच व्हील सिलिंडरला (ड्रममधले लायनर बाहेर ढकलणारा भाग) शिव्या घालू नका, अ‍ॅक्सलचं सील गेलं की गिअर ऑइलसुद्धा तिथेच येतं. फरक सोपा आहे, गिअर ऑइल जाड, चिकट आणि त्याला एक उग्र गंधकासारखा वास असतो, ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं. दोन्हीपैकी काहीही लायनरवर आलं असेल तर ते लायनर धुवून परत लावायचं नाही, बदलायचं, आणि दोन्ही बाजूचं बदलायचं, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार. मग रबरी होज बघा, चिरा, फुगवटा. आणि लोखंडी पाईप. आपल्याकडची खारी हवा या पाईपांना सोडत नाही, जिथे पाईप चेसीसला क्लिपने धरलेला असतो तिथे क्लिपच्या मागे गंज लपलेला असतो, टॉर्च मारूनच दिसतो. पाईपाला खोल गंजाचे खड्डे पडले असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी पाईप बदला.

ऑइल जुनं होतं म्हणजे काय होतं

लोक म्हणतात डबीत ऑइल भरपूर आहे मग बदलायचं कशाला. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकणाच्या बारीक भोकातून, रबरी होजमधून, थोडं थोडं करत. डॉट ३ चं (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) ऑइल नवीन असताना कमीतकमी २०५ अंशांवर उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो. डॉट ४ चं २३० वरून १५५. आता नाशिकहून कांदा भरून कसारा उतरताय, गिअर कमी न करता सगळा घाट ब्रेकवर, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापलं, आतलं ऑइल उकळलं, वाफ झाली. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल सरळ फ्लोअरला. खाली शहापूरला येईपर्यंत सगळं थंड, ब्रेक परत झकास, आणि मेकॅनिक म्हणतो काही प्रॉब्लेमच नाही. म्हणून दोन वर्षात किंवा ४०,००० किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, ऑइल पूर्ण बदला. तुमच्या गाडीच्या पुस्तकात यापेक्षा कमी लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका. मुंबईत दमट हवेत जास्त ताणू नये असं माझं मत. नवीन ऑइल जवळजवळ पारदर्शक, फिकट पिवळं असतं, कटिंग चहाच्या रंगाचं झालं की वेळ कधीच होऊन गेलेली असते.

कुठलं ऑइल ते डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, उलटं करू नका. डॉट ५ मात्र अजिबात नाही, ते सिलिकॉनचं असतं, नावात फक्त एका टिंबाचा फरक असलेलं डॉट ५.१ वेगळं. आणि इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, डिझेल यातलं काहीही चुकून डबीत पडलं तर गाडी चालवू नका, आतली सगळी रबरं फुगतात आणि मग मास्टरपासून कॅलिपरपर्यंत सगळंच बदलावं लागतं. झाकणाच्या आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं तर आधीच्या मालकाने हा पराक्रम केलेला आहे असं समजा. बाटली सीलबंद घ्या, लहान घ्या, फोडून ठेवलेली सहा महिन्यांपूर्वीची अर्धी बाटली वापरू नका. पूर्ण बदलायचं तर छोट्या पिकअपला लिटरभर हाताशी ठेवा. कुर्ल्याला सीएसटी रोडला स्पेअरची दुकानं आहेत तिथे सगळं सामान एका फेरीत होतं.

सामान आणि जागा

रिंग पाना, निपलवर (चाकापाशी एअर बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) बसेल तो, बहुतेक ८, १० नाहीतर ११ नंबर. फिक्स पाना वापरू नका, निपलचे कोपरे गोल होतात आणि मग रडत बसायला लागतं. निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, फिशटँकच्या दुकानात मिळते ती चालते. एक प्लास्टिकची पारदर्शक बाटली. डबीतलं जुनं ऑइल ओढायला मोठी सिरिंज. चिंध्या, पाण्याची बादली, हातमोजे, चष्मा. चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे. आणि एक माणूस, ज्याला तुम्ही सांगाल तेवढंच करायचं असतं हे मान्य आहे.

जागा म्हणजे मुंबईत खरा प्रॉब्लेम हाच. रस्त्याच्या कडेला करू नका, गाडीखालून तुमचे पाय रस्त्यावर येतात आणि बेस्टची बस काही बघून वळत नाही. सोसायटीच्या आवारात करत असाल तर सपाट जागा बघा, वॉचमनला सांगून ठेवा, आणि खाली जुना पुठ्ठा अंथरा, कारण हे ऑइल फरशीवर पडलं तर सेक्रेटरी, आणि शेजारच्या गाडीच्या पेंटवर पडलं तर शेजारी. पेंट खरंच उचकटतो. पडलंच तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. पाऊस चालू असताना हे काम काढू नका, उघड्या डबीत एक थेंब गेला तरी नवीन ऑइल घातल्याचा उपयोग काय. दिवाळी ते मे यात कधीतरी कोरड्या दिवशी करा.

चाक काढायची बहुतेक गरज पडत नाही. पिकअप उंच असते, मागचे निपल खालून हाताला लागतात आणि पुढचे स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की लागतात. उचलायचीच असेल तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, घोडी (जॅक स्टँड) लावायचीच, आणि घोडी चेसीसला नाही, अ‍ॅक्सलखाली. याचं अजून एक कारण आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसीसवरच्या एका व्हॉल्व्हला जाणारी सळई किंवा स्प्रिंग असते, गाडीत लोड किती आहे ते बघून मागचा ब्रेक कमीजास्त करणारा हा व्हॉल्व्ह. चेसीस उचलून मागची चाकं लोंबत ठेवली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मग तो मागे ऑइल नीट सोडतच नाही आणि तुम्ही तासभर पंप मारत बसता. या व्हॉल्व्हलाच वेगळा निपल असला तर त्याचा नंबर कधी लावायचा ते पुस्तकात बघा.

आता काम

आदल्या दिवशी संध्याकाळी चारही निपल वायर ब्रशने घासून त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, लायनर आणि डिस्कवर उडू न देता. दुसऱ्या दिवशी निपल सोडवताना आधी किंचित आवळायचा, टकटक हलकी हातोडी मारायची, मग सोडवायचा. न हलणाऱ्या निपलवर टॉमी (लांब लोखंडी दांडा) लावून लटकू नका, निपल आत तुटला की कॅलिपर किंवा सिलिंडर गॅरेजला न्यावंच लागतं. चारही निपल सुटतात याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही, अर्ध्यात अडकलात तर गाडी तिथेच राहणार.

डबीच्या झाकणाभोवतीची धूळ पुसून मग झाकण उघडा. सिरिंजने जुनं ऑइल ओढून घ्या, पण तळ उघडा पडेपर्यंत नाही, आणि लगेच नवीन भरा. एअर काढण्यात लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे: चाकाकडे इतकं लक्ष असतं की डबी रिकामी होते, मास्टर हवा ओढतो आणि पहिल्यापासून सुरुवात. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तर हवा त्या युनिटमध्ये शिरली की काढायला स्कॅनर लागू शकतो. पाचसहा पंप झाले की डबी बघायची, हा नियम मोडायचा नाही. कितीही घाई असली तरी.

चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद, पेडल काही वेळा मारून बूस्टरचा व्हॅक्युम संपवा. क्रम साधारण असा की मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, मास्टरही उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, तिथे पुस्तक खरं.

पेडलच्या खाली एक लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे पेडल फ्लोअरपर्यंत जाणार नाही. हे कोणी सांगत नाही. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन अर्ध्या वाटेपर्यंतच जातो, त्याच्या पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ बसलेला असतो. एअर काढताना पेडल शेवटपर्यंत दाबलं की रबर त्या गंजावरून घासतं, आणि चांगला असलेला मास्टर दुसऱ्या दिवशी लीक होतो.

निपलवर आधी पाना चढवा, मग नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या नवीन ऑइलमध्ये बुडवून. आता सीटवर बसलेल्याला सांगायचं "पंप मार". तो हळूहळू तीनचारदा दाबेल, भराभर नाही, भराभर मारलं की मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि ऑइलमध्ये फेस होतो. मग "धरून ठेव". त्याने "धरलंय" असं तोंडाने बोलायचं. तुम्ही निपल पाव फेरा सोडायचा, ऑइल आणि बुडबुडे नळीतून येतील, पेडल त्याच्या पायाखाली खाली जाईल, तो म्हणेल "गेलं खाली", पण पाय उचलायचा नाही. तुम्ही निपल आवळायचा आणि मगच "सोड". निपल उघडा असताना त्याने पाय उचलला की आत परत काहीतरी ओढलं जातंच, बाटलीतलं जुनं ऑइल नाहीतर हवा. रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये "सोड" आणि "धर" यांची सरमिसळ होते, म्हणून उत्तर आल्याशिवाय पाना हलवायचा नाही. घरातल्या माणसाला हे करायला लावत असाल तर आधी निपल न उघडता दोनदा रंगीत तालीम करून घ्या, भांडण वाचतं.

नळीत एकही बुडबुडा नाही आणि रंग नवीन ऑइलचा आला की ते चाक झालं. मागच्या डाव्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पाईप लांब असतो, कंटाळू नका. निपल घट्ट म्हणजे पान्यावर मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. वरची रबरी टोपी परत लावा, ती नसली की पुढच्या पावसाळ्यात निपलच्या भोकात गंज.

एकट्याने करायचं म्हणून व्हॅक्युम पंप मिळतात. माझं मत विचाराल तर घरी दोन माणसांची जुनी पद्धतच बरी, कारण व्हॅक्युमने ओढताना निपलच्या आट्यांमधूनही हवा येते, नळीत बुडबुडे दिसत राहतात आणि कळतच नाही की आतली एअर संपली की नाही.

सगळं करूनही पेडल मऊ राहिलं तर पुढच्या कॅलिपरचे निपल बघा, ते सगळ्यात वर असायला हवेत. कोणीतरी डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल करून बसवलं असेल तर निपल खाली येतो, हवा वर अडकते आणि जन्मभर पंप मारला तरी निघत नाही. नाहीतर मागच्या ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट. हँडब्रेक पूर्ण सोडून, चाक उचलून, आतली दातेरी चकती स्क्रू ड्रायव्हरने फिरवायची, चाक जाम होईपर्यंत, मग थोडे दाते मागे, चाक हाताने फिरताना हलकंसं घासल्याचा आवाज यायला हवा. दोन्ही बाजू सारख्या. हे झाल्यावर हँडब्रेकची केबल बघा, उलट्या क्रमाने नाही.

मग इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा, दुसऱ्याने चारही निपल टॉर्चने बघायचे, कोरडे हवेत. पहिली ट्रायल आवारातच, चालण्याच्या स्पीडने. मग मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी, मग अर्धा माल. पासिंगच्या आदल्या रात्री हे काम काढू नका, दोनतीन दिवस गाडी चालवून परत एकदा ऑइलची लेव्हल बघायला वेळ हवा.

मधल्या काळात

दर महिन्याला डबी बघा. लेव्हल हळूहळू थोडी खाली जाणं नॉर्मल आहे, पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि तिथे ऑइल भरतं. म्हणून लेव्हल खाली दिसली की नुसतं टॉप-अप करून मोकळे होऊ नका, आधी पॅड बघा. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायची तयारी करा. डिस्कवर कमीतकमी जाडी आणि ड्रमवर जास्तीतजास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या पलीकडे गेलेला पार्ट खरडून परत लावायचा नसतो. ड्रम खोलला तर आतली काळी धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

पावसात हिंदमाता नाहीतर मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर बाहेर आल्यावर मागे कोणी नाही बघून हळू चालवत पेडलवर हलका पाय ठेवा, लायनर सुकतात. ड्रममध्ये पाणी आणि चिखल राहतो, म्हणून पावसाळा संपला की मागचे ड्रम एकदा खोलून साफ करायचेच.

हवेच्या ब्रेकवाल्यांनी घरी करायचं ते एवढंच: टाकीतलं पाणी रोज ड्रेन करा, खूप पाणी किंवा ऑइल येत असेल तर ड्रायर (हवेतलं पाणी काढणारा भाग) बघून घ्या, हवा भरून इंजिन बंद करा आणि कुठे फुसफुस येते का ऐका, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, गेज पडतोय का बघा. मागच्या मोठ्या डबल चेंबरला हात लावायचा नाही. आत प्रचंड ताकदीची स्प्रिंग दाबून ठेवलेली असते, क्लॅम्प सोडला आणि ती सुटली तर माणूस जागेवर जातो, चांगले अनुभवी मेकॅनिकसुद्धा तो चेंबर खोलत नाहीत, अख्खा बदलतात.

निघालेलं जुनं ब्रेक ऑइल गटारात नाही, इंजिन ऑइलच्या डब्यातही नाही, वेगळ्या बाटलीत घालून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. आणि डबीपाशी टेपवर तारीख, किलोमीटर आणि कुठलं ऑइल घातलं ते मार्करने लिहून चिकटवा, ड्रायव्हर बदलला तरी त्याला कळेल.